जातं कुठं गेलं?

आत्यानं हेडफोन कानावरून काढले, मांडीवर ठेवले आणि मला म्हणाली, "पोरी, आवाज माझाच हाय. पण ह्यातलं जातं कुठं गेलं? मी काय नुसती हवेत गाती व्हय?"

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. धाकट्या चुलतभावाचं लग्न होतं आणि हळद दळायला आत्यानं तिचं जातं बाहेर काढलं होतं. आत्या मावळातली, पवनेच्या खोऱ्यातली. बारा वर्षांपूर्वी मुलानं तिला पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी राहायला आणलं, तेव्हा तिचं लाकडी कपाट गावालाच राहिलं आणि जातं मात्र टेम्पोतून आलं. आता ती एकोणऐंशीची आहे. दळण गिरणीतून येतं, पण जात्यावर बसली की ओव्या अजून धारेनं येतात. त्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या हे माझ्या मनात कितीतरी दिवस होतं.

मी दिवसा एका कंपनीत हिशेब बघते. रेकॉर्डिंगचा नाद दहा-अकरा वर्षांचा. गुरुजींच्या बैठकी, ओळखीतल्या भजनी मंडळांचे सप्ताह, असं बरंच काही मी टिपलेलं आहे. त्यामुळं हे काम आपल्याला येतंच असं मी धरून चालले होते. मार्गशीर्षात दोन तास रेकॉर्डिंग केलं आणि "आवाज जरा स्वच्छ करून द्या" म्हणून फाईल एका स्टुडिओत पाठवली. परत आली ती इतकी स्वच्छ, की आत्याचा प्रत्येक शब्द काचेसारखा दिसत होता. आणि जातं नव्हतं. कुठंतरी खूप मागं, नळ गळतोय की काय असं वाटावं असा पाणीदार आवाज तेवढा उरला होता.

ते असं का झालं, हे शोधता शोधता मी जे शिकले ते लिहून ठेवतेय.

माइक किंवा स्पीकर विकत घेतला की खोक्यात एक घडीचा कागद येतो आणि त्यावर एक वाकडीतिकडी रेघ असते. तो फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स. आडवं मोजायचं ते हर्ट्झ, म्हणजे आवाज किती खर्जातला किंवा किती टिपेचा. उभं मोजायचं ते डेसिबल, म्हणजे त्या ठिकाणी हे यंत्र आवाज किती वाढवतं किंवा किती दाबतं. माणसाच्या कानाची मर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ अशी सांगतात. हे आकडे वाचताना पहिल्यांदा माझा गोंधळ व्हायचा, कारण कागदावर १०० ते २०० ला जेवढी जागा तेवढीच १,००० ते २,००० ला. पण पेटी डोळ्यांपुढं आणली की कोडं सुटतं. पेटीवर प्रत्येक सप्तक सारखंच लांब असतं, आणि प्रत्येक सप्तकात हर्ट्झ दुप्पट होतात. २० पासून २०,००० पर्यंत दुप्पट दुप्पट करत गेलं तर जेमतेम दहा सप्तकं भरतात. कागदावरची रेघ ही दहा सप्तकांची पेटी आहे असं समजायचं आणि कुठली पट्टी जोरात वाजते, कुठली दबकी, ते बघायचं.

खोक्यावर मोठ्या अक्षरात '२० ते २०,००० हर्ट्झ' लिहिलेलं असतं त्याला, पुढं किती डेसिबलच्या फरकात हे लिहिलेलं नसेल तर, काही अर्थ नाही. तीन डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट किंवा निम्मी, दहा डेसिबल म्हणजे दहापट किंवा दहावा हिस्सा. एखादा स्पीकर ४० हर्ट्झला 'पोचतो' असं म्हणताना तिथं तो दहा डेसिबल खाली गेलेला असू शकतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत वायरी आणि कनेक्टर घ्यायला मी नेहमी जाते. तिथं कुठलाही स्पीकर ऐकवताना आधी बास चढवतात. गिऱ्हाईक छातीत धक्का बसला की खूश होतं. मी घरून दोन गोष्टी घेऊन जाते: गुरुजींच्या तंबोऱ्याची एक मिनिटाची फाईल, आणि आईचा बोलण्याचा आवाज. हे दोन्ही आवाज प्रत्यक्षात कसे आहेत ते मला पक्कं ठाऊक आहे. आईचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटला की तो स्पीकर परत.

आणि सपाट रेघ म्हणजेच चांगलं यंत्र, असंही नाही. गायक हातात धरतात तो शुअरचा एसएम ५८ बघा. १९६६ साली आला आणि अजून कुठल्याही मंडपात दिसतो. त्याच्या कागदावर ५० ते १५,००० हर्ट्झ एवढंच आहे. रेघ खर्जाकडं उतरत जाते आणि चार-पाच हजारांच्या आसपास वर उचललेली आहे. हे मुद्दाम केलेलं आहे. एका दिशेनं ऐकणारा माइक तोंडाजवळ नेला की तो खर्ज फुगवतो, हा त्या बनावटीचा स्वभावच आहे. माइक ओठांना लावून गाणार हे गृहीत धरून बनवणाऱ्यांनी खाली आधीच उतार ठेवला आणि शब्द गर्दीतून वर यावेत म्हणून वर थोडा चढ ठेवला. तोच माइक चार हातांवर ठेवलात तर फुगवटा नाहीसा होतो, उतार तेवढा उरतो आणि आवाज पातळ लागतो. म्हणजे कागदावरची रेघ एका ठरावीक अंतरावरची आहे. अंतर बदललं की रेघ बदलली.

आता माझी फाईल.

मी माइक लावला होता आत्याच्या तोंडापासून एका वितीवर, कारण शब्द हवे होते. खर्ज फुगणार हे ठाऊक असल्यामुळं रेकॉर्डरवरचं लो-कटचं, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचा आवाज कापायचं, बटण ८० हर्ट्झवर टाकलं होतं. हात सवयीनंच तिकडं जातो. भजनात पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या बसची गुरगुर त्यानं जाते. पुढं स्टुडिओत त्यांनी १२० च्या खालचं सगळं उडवलं. त्यांच्या बाजूनं विचार केला तर ते बरोबरच होतं. आत्याचा सूर मी नंतर पेटीवर धरून बघितला, काळी पाच. म्हणजे साधारण २३३ हर्ट्झ. गळा कधीच १२० पर्यंत उतरत नाही, मग खालचं ठेवायचं कशाला? पण त्या खालच्या सप्तक-दीड सप्तकातच जात्याचा घुमारा होता. दगडाची घरघर जमिनीतून येते, पोटात जाणवते, ती तिथंच.

खरा घाव तिथंही नव्हता. तो पडला नॉइज रिडक्शनमध्ये. ह्या सॉफ्टवेअरला आधी दाखवावं लागतं की नको असलेला आवाज कुठला. त्यासाठी फाईलमधला असा तुकडा निवडतात जिथं कुणी बोलत नाही, गात नाही. त्या तुकड्यात जे जे सापडेल त्याचा ठसा घेऊन सॉफ्टवेअर तेवढं सगळीकडून वजा करतं. आत्या जात्यावर बसली की आधी दहा-बारा फेरे नुसतीच ओढते. वैरण घालते, म्हणजे जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकते, खुंट्यावर हात बसवते, दगडाची चाल लागली की मग पहिली ओवी देवाला. ते सुरुवातीचे दहा-बारा फेरे स्टुडिओत 'शांत तुकडा' म्हणून निवडले गेले. जात्याचाच ठसा घेतला आणि दोन तासांच्या फाईलमधून जातं वेचून वेचून काढून टाकलं. तो आवाज यंत्राच्या दृष्टीनं गोंगाटच होता: एकसारखा, विस्कटलेला, सूर नसलेला.

मी त्या मंडळींना काही सांगितलंच नव्हतं. "आवाज स्वच्छ करा" म्हणाले, पण आवाज म्हणजे काय काय, हे नाही. ते माझं काम होतं.

आत्याला मात्र गायब झालेलं लगेच कळलं आणि मला फाईल आल्यावर तीन दिवस कळलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. कारण ते तीन दिवस मी फाईल फोनवर ऐकत होते. तळहाताएवढ्या फोनच्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही. आणि तरी आपल्याला तो आल्यासारखा वाटतो. यामागं कानाची एक विलक्षण करामत आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या घरात, म्हणजे तो तारेतून जायचाच नाही. तरी बाबांचा फोन आला की त्यांचा भारदस्त आवाज भारदस्तच लागायचा. कारण मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी उपसुरांची शिडी वर पोचलेली असते, आणि मेंदू शिडीच्या पायऱ्यांमधलं अंतर मोजून खालची हरवलेली पायरी स्वतःच भरून काढतो. वरच्या टोकाला मात्र अशी भरपाई नाही. 'स' आणि 'फ' यांची ओळख पटवणारा सरसराट बहुतेक ३,४०० च्या वरच, म्हणून फोनवर नाव सांगताना "स, सदाशिव पेठेतला स" असं म्हणावं लागायचं.

जात्याला ही शिडी नाही. दगडावर दगड घासतो, मध्ये दाणे भरडतात, त्यातून निघणारा आवाज एका सुराच्या पटींमध्ये रचलेला नसतो. म्हणून तो खर्ज कापला की मेंदूला भरून काढायला धागाच मिळत नाही. आत्याचा गळा फोनवर शाबूत राहतो आणि तिचं जातं साफ पुसलं जातं. हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री स्वयंपाकघरात उभी होते आणि हातातला फोन खाली ठेवून दिला. तेव्हापासून ओव्यांची एकही फाईल मी फोनच्या स्पीकरवर तपासलेली नाही.

आवाज बारीक ठेवून ऐकण्यातही हीच फसगत होते. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली माणसांच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं की आवाज जितका हळू, तितका कान खर्जाला बहिरा. आजच्या प्रमाण आलेखाप्रमाणं, १,००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो तेवढाच मोठा १०० हर्ट्झचा सूर वाटायला हवा असेल तर तो साठाच्या वर न्यावा लागतो. म्हणजे घरातली माणसं झोपल्यावर हळू आवाजात ऐकून "खर्ज कमी आहे" म्हणून तो वाढवला, की सकाळी मोठ्यानं लावल्यावर तोच अंगावर येतो. ओव्यांचं काम मी आता रविवारी दुपारी करते, आत्या समोर बसून गाते तेवढ्याच मोठ्या आवाजात.

खोलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण यंत्रांवर पैसे घालताना खोली कुणी मोजत नाही. माझी कामाची खोली बारा बाय दहा. दहा फूट म्हणजे सुमारे तीन मीटर; त्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या लाटेचा बरोबर अर्धा भाग बसतो. एके दिवशी मी आठ इंची स्पीकरवर ५६ हर्ट्झचा नुसता सूर लावला आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत हळूहळू चालत गेले. भिंतीला कान लावला तर आवाज डोक्यात भरतो. खोलीच्या मधोमध आले तर जवळजवळ नाहीच! दोन पावलं मागं, पुन्हा आला. माझी खुर्ची नेमकी मधोमध होती. महागड्या स्पीकरच्या कागदावरची सपाट रेघ माझ्या कानापर्यंत येईतो तिला केवढा खड्डा पडत होता, ते त्या दिवशी पायांनी कळलं. खुर्ची मागं सरकवली, कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. गाद्यांनी त्या ५६ ला फारसा फरक पडत नाही, त्यासाठी फार जाड काहीतरी लागतं, पण वरचा खणखणाट गेला.

तंबोऱ्यानं मला हे सगळं खरं तर आधीच शिकवायला हवं होतं. गुरुजींचा तंबोरा मिरजेचा. घोडीवर तारेखाली जो सुती दोरा सरकवतात, जवारीचा, तो केसभर पुढंमागं केला की तंबोरा बंद होतो किंवा फुलतो. तारेचा मूळ सूर तोच, पण वरच्या उपसुरांची अख्खी रांग उजळते. सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर लिहिलंय: तार जिथं छेडतो तिथं ज्या उपसुराचा स्थिर बिंदू येतो तो उपसूर ऐकू यायला नको असा नियम आहे, आणि तंबोऱ्याच्या पसरट घोडीमुळं तोसुद्धा ऐकू येतो. गुरुजी दोरा सरकवत बसायचे तेव्हा मी माइक लावून तयार असायचे आणि मनातून घाईत असायचे. एकदा ते म्हणाले, "तू नंतर मशीनवर जे करणार आहेस तेच मी आत्ता इथं करतोय. इथं झालं तर तिथं करावं लागणार नाही." मी मान डोलावली होती. कळलं ते मात्र जात्यापाशी.

माघात आम्ही पुन्हा बसलो. लग्न उरकलं होतं, हळदीची गडबड नव्हती. आत्यानं ज्वारी घेतली. मधल्या काळात तिनं जात्याला टाकी लावून घेतली होती, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून घेतला होता. टाकी लावणारा माणूस पुण्यात शोधायला तिच्या मुलाला दोन आठवडे लागले. वेळ आत्यानंच ठरवली, पहाटे साडेचार. "दळायची येळ तीच," ती म्हणाली. मलाही ती सोयीची, कारण त्या वेळी रिक्षा नसतात आणि स्वारगेटकडून येणारी गाड्यांची गुरगुरही खाली बसलेली असते.

ह्या वेळी मी लो-कटला हात लावणार नव्हते, म्हणून खर्जातला नको असलेला आवाज मुळातूनच बंद करावा लागला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं फ्रिज आणि पाण्याची मोटर ५० आणि १०० वर गुणगुणतात, म्हणजे नेमकं जात्याच्या अंगणात. फ्रिज तासाभरासाठी बंद केला. सोसायटीचा पंप पाचला लागतो. वॉचमनकाकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं, त्यांनी तो सहाला लावला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ओव्यांचं नाव ऐकून आपला मिक्सरही उशिरा लावते म्हणून सांगितलं, आणि स्वतःच शाल पांघरून दाराशी येऊन बसल्या.

जात्याखाली गोणपाट. माइकच्या स्टँडखाली चार घड्या केलेली गोधडी, कारण शहाबादी फरशीतून येणारा हादरा स्टँडमधून थेट माइकमध्ये चढतो आणि तो हवेतून ऐकू येणाऱ्या घुमाऱ्यासारखा नसतो, नुसते दणके असतात. गोधडी घातल्यावर दणके गेले, घुमारा राहिला.

आधी मी दोन माइक लावून बघितले, एक तोंडापाशी आणि एक जात्यापाशी. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पण आत्याचा आवाज जवळच्या माइकमध्ये आधी पोचतो आणि तीन फूट लांबच्या माइकमध्ये साधारण तीन मिलिसेकंदांनी उशिरा. दोन्ही एकत्र केले की काही ठिकाणी लाट लाटेला खोडते. तीन मिलिसेकंदांना पहिला खड्डा १६७ हर्ट्झच्या आसपास, पुढचा ५०० वर, मग ८३३ वर, अशी फणीच्या दातांसारखी रांग. आत्याचा गळा नळकांड्यातून आल्यासारखा झाला. दोन्ही माइक उत्तम होते, त्यांचे कागदही उत्तम होते. एक काढून पिशवीत टाकला.

उरला तो सगळ्या दिशांनी ऐकणारा छोटा माइक. ह्या जातीचा माइक जवळ नेला तरी खर्ज फुगवत नाही आणि लांबूनही खर्ज सोडत नाही. आता प्रश्न फक्त जागेचा. मी कानाला हेडफोन लावून गुडघ्यांवर बसले आणि माइक हातात धरून फिरायला लागले. आत्या एक पाय लांब, एक पाय दुमडून बसते. खुंटा पुढं जाताना वाकते, मागं ओढताना सरळ होते, त्यामुळं तिचं तोंड प्रत्येक फेऱ्याला वीतभर पुढंमागं होतं. मार्गशीर्षात माइक एका वितीवर होता. एका वितीची दोन वीत झाली की आवाज सहा डेसिबलनं पडतो, आणि तो सतत पडत-चढत होता. चार वितींवरून पाच वितींवर गेलं तर फरक दोन डेसिबलसुद्धा नाही. म्हणून मागं सरले. फार मागं गेले तर खोलीच जास्त ऐकू येते, आत्या कमी. खाली गेले तर पीठ पडतानाची सरसर सगळ्यावर पसरते. वर गेले तर घुमारा सुटतो. आत्या न थांबता ओढत होती, मधूनच माझ्याकडं बघत होती, वैरण घालत होती.

आणि मग एका ठिकाणी, तिच्या उजव्या गुडघ्याच्या पुढं, जमिनीपासून दीड हात वर, दोन्ही एकत्र आलं. हेडफोन काढून नुसत्या कानांनी ऐकलं, पुन्हा लावून ऐकलं. फरक राहिला नव्हता. दगडाची चाल खाली, तिच्यावर बसलेला गळा, आणि वर दाणे फुटण्याची बारीक कुरकुर. मी स्टँड तिथंच आवळला आणि हात जोडल्यासारखी मागं भिंतीला टेकून बसले. माइकची ती जागा म्हणजेच त्या पहाटेचं माझं सगळं इक्वलायझर.

आत्या सत्तेचाळीस मिनिटं गायली. ओवीचा एक चरण तिच्या दोन फेऱ्यांत बसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. जात्याशिवायच्या फाईलमध्ये ती काही शब्द उगाच लांबवते असं वाटत होतं. आता कळलं की ती फेरा पुरा व्हायची वाट बघते. जोर जिथं लागतो तिथं स्वर दाबून येतो आणि खुंटा सैल सुटतो तिथं श्वास. हेमा राईरकर आणि गी पॉइट्विन या अभ्यासकांनी पुण्यातून काम करत गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मी ते संकलन बरेच दिवस वाचत आलेय, शब्दांसाठी. आता तेच शब्द वाचताना मनात फेरा मोजायला लागलेय.

फाईल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर आहे. तिला कुठलाही कट दिलेला नाही, कुठलाही ठसा वजा केलेला नाही. सहाला लागलेल्या पंपाचा आवाज शेवटच्या अर्ध्या मिनिटात आलाय, तोही तसाच ठेवलाय. तिच्यासोबत एक कागदही ठेवलाय: माइक कुठला, कुठं, किती उंचीवर, खोली केवढी, दळण कशाचं, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात 'जात्याचा आवाज काढू नये'. फोनवर ऐकणाऱ्या भावंडांसाठी वेगळी प्रत केली; तिच्यात दीडशे-दोनशेच्या वरचा जात्याचा भाग किंचित उचललाय, म्हणजे छोट्या स्पीकरमधूनही दगड असल्याची खूण पटावी. मूळ फाईलला मात्र हात नाही.

रविवारी दुपारी मी मोठे स्पीकर घेऊनच आत्याकडं गेले. ती कॉटवर भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. फाईल लावली. सुरुवातीचे फेरे सुरू झाले तशी तिनं पाठ भिंतीपासून सोडली. उजवा हात मांडीवर हळूहळू फिरायला लागला. पहिल्या ओवीला ओठ हलले, आवाज काढला नाही. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते.

बाविसाव्या-तेविसाव्या मिनिटाला जात्याचा आवाज बदलतो. कुरकुर विरळ होते, दगड दगडाला लागायला लागतो, एक कोरडी करकर वर येते. त्या पहाटे माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. आत्याच्या मांडीवरचा हात थांबला. ती स्पीकरकडं वळली आणि स्वतःच्याच आवाजाला जरा रागावून म्हणाली,

"अगं, वैरण घाल की आता. किती येळ रिकामंच फिरवतीयास!"